घराजवळच्या जंगलात एक दिवस: मुंबई-ठाणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बोरिवलीत राहते. गेली अनेक वर्षं महिन्यातला किमान एक रविवार जवळच्या जंगलात भटकंती करत घालवते, कधी एक-दोन मैत्रिणींबरोबर, कधी आमच्या सोसायटीतल्या दहा-बारा जणांबरोबर. आदल्या रात्री फोनवर जे प्रश्न येतात ते ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मला स्वतःला माहीत असलेल्या जागांबद्दलच लिहिलं आहे: बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्याची ठाण्याकडची बाजू म्हणजे येऊर, वसईजवळचं तुंगारेश्वर, पनवेलजवळचं कर्नाळा आणि माथेरान.

ट्रेक आणि तुम्ही म्हणता ती भटकंती, यात फरक काय?

ट्रेकला एक माथा गाठायचा असतो. इथे तसं काही नाही. पाच किलोमीटर चालून एका ओढ्याकाठी दोन तास बसलो, तरी तो दिवस पूर्ण झाला असं मी मानते. सकाळी घरून निघायचं, संध्याकाळच्या चहाला परत यायचं, मुक्काम नाही, दोर नाही, पाठीवर मोठं ओझं नाही. चालणं सावकाश. आमच्या गटात सगळ्यात पुढे चालणारी व्यक्ती सगळ्यात हळू चालणारी असते. बाकीचे तिच्या मागे.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे बाग ना? झुकझुक गाडी, होडी वगैरे?

बहुतेक मुंबईकरांनी शाळेच्या सहलीत तेवढंच पाहिलेलं असतं, म्हणून हा प्रश्न येतो. वनराणी गाडी आणि होड्या हा प्रवेशद्वाराजवळचा छोटासा भाग. मागे सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं जंगल पसरलं आहे, बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत, आणि वसईच्या खाडीपलीकडेही त्याचा एक तुकडा आहे, नागला. सगळ्यात उंच जागा जांभूळमाळ, साधारण ४६८ मीटर.

हे जंगल आहे म्हणून मुंबईला प्यायला पाणी मिळू लागलं, हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं. विहार तलाव १८६० मध्ये तयार झाला, तुळशी १८७९ मध्ये. दोन्ही जंगलाच्या पोटात आहेत आणि आजही शहराला पाणी देतात. पुढे धरणं लांब लांब गेली, भातसा, वैतरणा, पण सुरुवात इथली. दहिसर नदी याच डोंगरात उगम पावते, पोईसरही. बोरिवलीत पुलाखालून जो काळा नाला वाहताना दिसतो, त्याच पाण्याचा तळ जंगलात स्पष्ट दिसतो आणि त्यात मासे असतात. मुलांना हे दोन्ही एकाच दिवशी दाखवा. मी दाखवते.

पहिल्यांदाच येतोय. एकच वाट सांगा.

राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांचा रस्ता. चुकायला वाव नाही, वर्दळ असते, आणि शेवटी बघण्यासारखं खूप आहे.

बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरा. प्रवेशद्वार चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. मेट्रोने आलात तर ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचं स्थानक अगदी जवळ. सोमवारी उद्यान बंद असतं. दर वर्षी कोणी ना कोणी सुट्टी टाकून सोमवारी येतं आणि फाटकावरून परत जातं. तिकिटाचे दर बदलत असतात, ते तिथे लिहिलेले असतात. लेण्यांचं तिकीट वेगळं, कारण ती पुरातत्त्व खात्याकडे आहेत.

फाटकापासून लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. ‘डांबरीच चालायचं तर जंगल कसलं?’ असं अनेकांना वाटतं. सकाळच्या पहिल्या तासात चालून बघा. दोन्ही बाजूंना झाडी अंगावर येते, मध्येच दहिसर नदीचं पात्र लागतं, हरणांचे खूर कडेच्या मातीत उठलेले असतात. जाताना चालत जा, दमलात तर येताना बस घ्या. सायकली भाड्याने मिळतात, पण चढ शेवटी शेवटी बराच आहे, सवय नसेल तर उतरून ढकलावी लागते.

लेण्यांसाठी दोन तास राखून ठेवा. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराला कोरायला सुरुवात झाली आणि हजारएक वर्षं लोक इथे राहिले. बहुतेक जण तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, त्याच्या ओसरीतल्या सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती पाहतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. वर जा. पायऱ्या खडकातच कोरलेल्या आहेत. एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे. आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी पाण्याचं टाकं आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी खडकातल्या बारीक पन्हळींतून त्या टाक्यात उतरतं. कुठलं पाणी कुठून येतं हे बोटाने माग काढत पाहायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. पन्हळी तेव्हा वाहत्या असतात.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. इथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावं नोंदवलेली आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही माणसं हे बघायला डोंगर चढून येत होती. (तुम्ही मात्र नाव कोरू नका. कायद्याने गुन्हा आहे, आणि मुख्य म्हणजे खडक दुखावतो.)

याशिवाय कुठे जाता येईल?

येऊर: ठाणे स्टेशनहून बस किंवा रिक्षा. हेही राष्ट्रीय उद्यानाचंच रान, फक्त पूर्व उतार. बोरिवलीपेक्षा शांत, पक्ष्यांसाठी जास्त चांगलं. वन खात्याच्या चौकीवर नोंद करून आत जायचं. शनिवार-रविवारी हॉटेलांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग असते, म्हणून सात वाजायच्या आत पोचा.

कर्नाळा: माझं सगळ्यात आवडतं. पक्षी अभयारण्य १९६८ सालचं, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच, पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटर. पनवेलहून पेण किंवा अलिबागकडे जाणारी एसटी फाटकाशी उतरवते. आकाराने लहान, सुमारे बारा चौरस किलोमीटर, पण दाट. किल्ल्यावर जायला दीड तास लागतो. वर अंगठ्यासारखा उभा सुळका आहे, त्याच्या पायथ्याशी पाण्याची टाकी. चढायचं नसेल तर खालच्या हरियाल आणि मोरटाक्या या वाटा पुरेशा आहेत. फाटकावर पिशव्या तपासतात, प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात आणि परत आणल्या की पैसे परत देतात. ही पद्धत सगळीकडे यावी असं मला मनापासून वाटतं. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. फडक्यांचं गाव शिरढोण इथून हाकेच्या अंतरावर आहे, परतताना त्यांचा वाडा पाहून या.

तुंगारेश्वर: वसई पूर्वेला. २००३ साली अभयारण्य झालं, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. महामार्गावरच्या फाट्यापासून देवळापर्यंत रुंद कच्चा रस्ता आहे, मध्ये ओढे ओलांडावे लागतात. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला जत्रेची गर्दी. डिसेंबर-जानेवारीत मात्र फार सुंदर.

माथेरान: इथे लोक राहायला जातात, पण पहाटेच्या कर्जत गाडीने नेरळला उतरलं तर एका दिवसात छान होतं. दस्तुरी नाक्यापुढे मोटारी जात नाहीत. आठशे मीटर उंची, लाल मातीच्या वाटा, डोक्यावर जांभूळ-हिरड्याचं छप्पर. सगळे शार्लोट तळ्याकडे आणि एको पॉइंटकडे जातात. तुम्ही उलट्या दिशेने पॅनोरामाकडे निघा. शेकरू दिसण्याची शक्यता वाटेत भरपूर. मोठ्या खारीसारखा, फांद्यांवर धावणारा लालसर प्राणी दिसला की तोच.

परवानगी लागते का?

कान्हेरीच्या रस्त्याला तिकीट पुरतं. डांबर सोडून आतल्या वाटांवर, म्हणजे शिलोंडा किंवा नागला, जायचं तर वन खात्याची परवानगी आणि सोबत त्यांचा वाटाड्या लागतो. उद्यानातल्या निसर्ग माहिती केंद्रात आधी चौकशी करा. तुळशी आणि विहार तलावांकडे सर्वसामान्यांना जाता येत नाही, ते पिण्याचं पाणी आहे.

‘कुंपणाला एक भोक आहे, तिथून जाऊ’ असं सांगणारा मित्र प्रत्येक गटात असतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली विनापरवाना प्रवेश हा गुन्हा आहे. पण दंडापेक्षा मला वेगळं कारण महत्त्वाचं वाटतं. जंगलात रोज चालणारा वनरक्षक किंवा पाड्यावरचा माणूस सोबत असला की तुम्हाला दहापट दिसतं. मी वीस वेळा ज्या दगडावर बसले होते, त्याच्या शेजारच्या झाडावर बिबट्याने नखं घासल्याच्या खुणा होत्या. त्या मला शिलोंड्याच्या वाटाड्याने दाखवल्या.

बिबट्या दिसला तर?

बहुतेकदा दिसत नाही. इतक्या वर्षांत मला दोनदा दिसला, दोन्ही वेळा त्याने मला आधी पाहिलं होतं आणि तो निघून जात होता. मुंबईचा बिबट्या माणसाच्या वेळा ओळखून असतो. तो मुख्यतः रात्रीचा प्राणी, आणि जंगलाच्या कडेला त्याचं बरंचसं खाणं म्हणजे भटकी कुत्री. कुत्री कचऱ्यावर जगतात. म्हणून जंगलाला लागून असलेल्या सोसायट्यांनी कचरा उघड्यावर टाकू नये, हे पिंजरे लावण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

आम्ही काय पाळतो ते सांगते. उजाडल्याशिवाय आत जायचं नाही, साडेपाचला बाहेर. मुलं मोठ्यांच्या मधे, सगळ्यात पुढे किंवा मागे नाहीत. झुडपाआड एकट्याने बसायला जायचं नाही. बिबट्या वाकलेल्या, बसलेल्या माणसाला सावज समजू शकतो. हेडफोन नाहीत. वाटेवर चालताना साध्या आवाजात बोलत राहायचं, म्हणजे त्याला आपण येतोय हे कळतं.

समोर आलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, वाकू नका. ताठ उभे राहा, लहान मूल असेल तर उचलून घ्या, हात वर करून मोठे दिसा, आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे या. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. फोटोसाठी पुढे जाऊ नका. जंगलाबाहेर वस्तीत दिसला तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि गर्दी जमू देऊ नका. गर्दीने घेरलेला बिबट्या घाबरतो, आणि माणसं जखमी होतात ती बहुधा तेव्हाच.

या डोंगरातले वारली लोक वाघोबाला देव मानतात. लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर कोरलेला, शेंदूर लावलेला वाघोबा आरे-येऊरच्या पाड्यांजवळ दिसतो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. त्याच्यासोबत राहण्याचा त्यांचा अनुभव आपल्या सोसायट्यांपेक्षा कित्येक पिढ्यांनी जुना आहे.

कुठल्या महिन्यात जावं?

लोकांना ‘पावसाळ्यात’ हे उत्तर अपेक्षित असतं. मी म्हणते, प्रत्येक महिन्यात एकदा.

जून: पहिल्या पावसानंतरच्या आठ दिवसांत जमिनीतून शेवळं ही रानभाजी वर येते, बेडकांचा कल्लोळ असतो. नवरंग हा पक्षी याच सुमारास येतो, नावाप्रमाणे नऊ रंगांचा, आणि त्याची दोन स्वरांची शीळ एकदा ओळखली की सगळीकडे ऐकू येते. कर्नाळ्यात तिबोटी खंड्या येतो. चिमणीपेक्षाही छोटा, निळा-जांभळा-नारिंगी. फोटोसाठी त्याच्या घरट्यापुढे माणसांची रांग लागलेली मी पाहिली आहे आणि ते बघून वाईट वाटलं. घरट्याच्या तोंडाशी माणसं उभी असली की तो चोचीतला घास घेऊन लांब थांबतो. पिल्लं आत उपाशी.

जुलै-ऑगस्ट: हिरवं इतकं की डोळ्यांना दुसरं काही सुचत नाही. चवर फुलते, कळलावीची ज्वाळेसारखी फुलं कुंपणांवर येतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर: माझ्या मते वर्षातले सगळ्यात श्रीमंत आठवडे. तेरडा, सोनकी, कवळ्याचे पिवळे ताटवे. फुलपाखरं. नीलवंत, म्हणजे आपल्या राज्याचं फुलपाखरू, ओढ्याकाठी सहज दिसतं. ऑक्टोबरमध्ये उकाडा होतो पण सकाळी दहापर्यंत जंगलातून बाहेर पडलात तर निभावतं.

नोव्हेंबर ते जानेवारी: चालण्यासाठी उत्तम. थंडीचे पाहुणे पक्षी आलेले असतात. स्वर्गीय नर्तक हे नाव ऐकून मुलं हसतात, मग एकदा त्याची ती पांढरी लांब शेपटी उडताना पाहतात आणि गप्प होतात.

फेब्रुवारी-मार्च: या वेळी कोणी जात नाही, आणि माझा आग्रह याच वेळेसाठी असतो. पानगळ झालेली, जंगल उघडं पडलेलं, म्हणून सगळं दिसतं. पांगारा, काटेसावर आणि पळस एकापाठोपाठ लाल होतात. काटेसावरीच्या एका झाडाखाली तासभर बसा: मैना, तांबट, कोतवाल, हळद्या, सूर्यपक्षी, खारी, माकडं, सगळे एकाच फांदीवर मध प्यायला येतात. कौशीचं निष्पर्ण झाड केशरी फुलांनी पेटल्यासारखं दिसतं. कांडोळाचं पांढरं खोड याच दिवसांत नजरेत भरतं; चांदण्यात ते भुतासारखं दिसतं म्हणून त्याला भुत्याही म्हणतात. मार्चच्या अखेरीस कुसुमाला नवी पालवी फुटते, तीही लालभडक, दुरून फुलंच वाटावीत अशी.

एप्रिल-मे: फक्त पहाटे. बहावा, आणि करवंदं. नऊच्या आत परत.

धबधब्यात भिजायला जायचंय. कुठला सुरक्षित?

मी कुठलाच सुचवत नाही, आणि याचं कारण सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या एका रविवारी आम्ही नऊ जण तुंगारेश्वरच्या वाटेवर होतो. ओढा घोट्याएवढा. पलीकडे गेलो, डबे खाल्ले. आमच्या डोक्यावर पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं. परत आलो तर तोच ओढा कमरेएवढा, चहासारखा तपकिरी. वर डोंगरात पाऊस झाला होता, आम्हाला तो ऐकूही आला नव्हता. आम्ही पलीकडेच बसून राहिलो. एक मुलगा सारखा म्हणत होता, ‘हात धरून जाऊ’. नाही गेलो. साडेतीन तासांनी पाणी उतरलं. त्या दिवसापासून माझा नियम एकच: पावसाळ्यात ज्या वाटेवर ओढा ओलांडावा लागतो तिथे जायचं नाही.

आपल्या डोंगरांचे उतार छोटे आणि खडकाळ. पाणी मुरायला वेळच मिळत नाही, थेट ओढ्यात येतं. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, किंवा ओढ्याचा आवाज बदलला, तर त्याच क्षणी वर चढा. गुडघाभर वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडतं. शिवाय धबधब्याखालच्या डोहाचा तळ दिसत नाही आणि शेवाळलेल्या खडकावर कुठलाही बूट टिकत नाही. जिल्हाधिकारी पावसाळ्यात अनेक धबधब्यांवर बंदी घालतात. ती आपल्या मजेच्या आड येण्यासाठी नसते. आदल्या वर्षी तिथे गेलेल्या जिवांमुळे असते.

भिजायचं असेल तर कान्हेरीच्या रस्त्यावर पावसात छत्री मिटून चाला. भरपूर भिजता.

साप चावला तर?

आधी, चावू नये म्हणून: घोटा झाकणारे बूट, पाय टाकताना नजर खाली, दगडाच्या कपारीत हात नाही. पाचोळ्यातली घोणस अगदी पाचोळ्यासारखीच दिसते. झाडावर हिरवा चापडा असू शकतो, म्हणून आधारासाठी फांदी धरण्याआधी बघा.

चावलाच तर माणसाला बसवा, धीर द्या, अंगठी-कडं-घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा आणि १०८ ला फोन करा. कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, बर्फ लावू नका, साप पकडायला जाऊ नका. मांत्रिकाकडे तर नाहीच. सापाच्या विषावरचं औषध सरकारी रुग्णालयात मिळतं. जो वेळ घालवायचा तो तिकडे पोचण्यात.

आणि मधमाश्या?

यांची भीती सापापेक्षा जास्त बाळगा. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, सुळक्याखाली ओरडू नका, दगड मारणाऱ्याला थांबवा. माश्या उठल्याच तर तोंड आणि डोकं कापडाने झाकून पळा, थांबून हात झटकू नका. खूप डंख झाले, श्वास लागला किंवा ओठ सुजले तर थेट रुग्णालय.

अंगाला खाज सुटते म्हणतात ती कशाची?

खाजकुयली. दिवाळीनंतर तिच्या मखमली तपकिरी शेंगा वाळतात आणि त्यांची लव वाऱ्यावर उडते. शेंगेला हात लावू नका, खालून जाऊ नका. लागलीच तर चोळू नका, चोळल्याने लव आत शिरते. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा. म्हणून माझ्या पिशवीत चिकटपट्टीचं रीळ कायम असतं.

घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे गोचीड बघा.

काय घालू, काय नेऊ?

पूर्ण बाह्यांचा सुती किंवा चटकन वाळणारा सदरा, पूर्ण लांबीची विजार, मातकट किंवा हिरवा रंग. जीन्स नको, भिजली की जड होते. तळाला खाचा असलेले कुठलेही जुने बूट चालतील. महागड्या बुटांसाठी पहिला रविवार पुढे ढकलू नका.

पाणी माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. टोपी, शिट्टी, छोटी विजेरी, कागदावर लिहिलेला घरचा फोन नंबर, मीठ-साखर-लिंबू, बँडेज, स्वतःची नेहमीची औषधं, आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर गढूळ पाण्यातून जाऊ नका, लेप्टो या आजाराची भीती असते. गेलात आणि ताप आला तर डॉक्टरांना ‘पाण्यात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा.

डब्यात काय?

थालीपीठ आणि चटणी, गूळ-शेंगदाणे, दशम्या, उकडलेली रताळी, केळी. कुरकुरीत पाकिटं नकोत, त्यांचा आवाज आणि कागद दोन्ही जंगलात शोभत नाहीत. केळ्याची सालंही परत आणा. ‘कुजतं ना ते’ असं म्हणतात. कुजायच्या आधी माकड ते खातं, आणि माणसाच्या पिशवीत खाणं असतं हे शिकतं. कान्हेरीची माकडं हे पुरेपूर शिकलेली आहेत. तिथे पिशवी पुढे घ्या, हातात काही खाण्याचं ठेवू नका, आणि पुण्य म्हणूनही त्यांना काही देऊ नका.

कुत्रा आणला तर चालेल?

नाही.

आई पंच्याहत्तर वर्षांची आहे, मुलगा पाच वर्षांचा. दोघांना नेता येईल?

नक्की न्या, फक्त दोघांच्या मानाने वाट निवडा. राष्ट्रीय उद्यानात गांधी टेकडीपर्यंतचा रस्ता आजींना झेपतो, बसायला जागा आहेत. आमच्या एका काकू गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी तिथे चढल्या होत्या, काठी टेकत, आणि वर पोचल्यावर त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर सपाटच आहे. ते पूर्वी शहराचा कचरा टाकायची जागा होती, तिथे झाडं लावून आजचं रान उभं केलंय.

पाच वर्षांचं मूल अंतर चालत नाही, गोष्टींकडे चालतं. त्याला ‘चल लवकर’ म्हणू नका. एक भिंग द्या. मुंगळ्यांच्या रांगेपाशी अर्धा तास गेला तर जाऊ द्या.

बाईने एकटीने जावं का?

कान्हेरीच्या रस्त्यावर आणि कर्नाळ्याच्या खालच्या वाटांवर मी एकटी गेले आहे, सुट्टीच्या सकाळी, वर्दळ असताना. आतल्या वाटांवर कधीच नाही, आणि तिथे पुरुषांनीही एकट्याने जाऊ नये असं माझं मत आहे. पाय मुरगळला तर कळणार कोणाला? आत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परत येऊ हे घरी सांगूनच निघा.

वाट चुकली तर?

थांबा. पाणी प्या. शेवटची ओळखीची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत मागे जा. ती सापडली नाही तर मोकळ्या जागी बसून शिट्टी वाजवा, थांबून थांबून, तीन-तीनदा. ओढ्याने खाली उतरून रस्ता गाठायचा मोह टाळा, आपले ओढे कड्यावरून पडतात. रेंज असेल तर ११२.

करवंदं, रानभाज्या तोडल्या तर चालतात का?

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात काहीही तोडायचं नाही, पडलेलं पीसही उचलायचं नाही. रानभाज्यांसाठी आणखी एक कारण आहे: शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो, त्यासोबत काकडं ही आंबट रानफळं किंवा चिंच लागते, आणि त्याच्यासारखी दिसणारी दुसरी झाडं असतात. जून-जुलैत बोरिवली, वसई, विरारच्या स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं, टाकळा, फोडशी, कंटोळी घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्या, भाव पाडू नका, आणि कशी करायची तेही विचारा. त्या आनंदाने सांगतात.

वाटेत पाडे लागतात. तिथून जाताना काय पाळावं?

ते कोणाचं तरी अंगण आहे, एवढं पुरे. न विचारता घराचे, बायकांचे, मुलांचे फोटो काढू नका. मुलांना चॉकलेटं वाटू नका. वाट विचारताना ‘दादा’, ‘मावशी’ म्हणा, पाणी दिलं तर बसून प्या. स्पीकरवर गाणी नकोत. उद्यान जाहीर व्हायच्या कितीतरी आधीपासून ही माणसं इथे आहेत.

आम्हाला पक्षीच दिसत नाहीत!

दहा मिनिटं एका जागी उभे राहा, न बोलता. पहिली पाच मिनिटं काही होणार नाही. मग सातभाईंचा गलका येईल, त्यांच्यामागून भृंगराज, आणि तुम्ही ज्या झाडाखाली उभे होतात तिथेच तांबट ठोकत होता हे लक्षात येईल. दुर्बीण नंतर घ्या. आधी पाच आवाज ओळखायला शिका.

दर वेळी तेच जंगल, कंटाळा नाही येत?

कान्हेरीच्या वाटेवर एक ऐनाचं झाड आहे. त्याच्या खोडावर मगरीच्या पाठीसारख्या भेगा. मी त्याला उन्हाळ्यात पानं झडलेलं, जूनमध्ये पोपटी पालवीत आणि थंडीत पंखांच्या फळांनी लगडलेलं पाहिलं आहे. एका वर्षी त्याच्या ढोलीत पोपटांनी पिल्लं काढली, पुढच्या वर्षी त्याच ढोलीत पिंगळा होता. नवीन जागी गेल्यावर मला झाड दिसतं. इथे मला त्याचं वर्ष दिसतं. म्हणून नाही येत.

कारवी पुन्हा कधी फुलणार?

इथली कारवी आठव्या वर्षी फुलते. २००८, २०१६, २०२४ असा तिचा हिशोब, म्हणजे पुढची २०३२ मध्ये, ऑगस्ट ते ऑक्टोबर. तेव्हा येऊरचे आणि नागल्याचे उतार जांभळे होतील, मध भरपूर होईल, आणि फुलून झालं की सगळी झुडपं एकत्र मरतील. वाळलेल्या बोंडांतून बिया तडतडत उडतात आणि पहिल्या पावसात रुजतात. जुन्या कारवीच्या काठ्यांचे कूड विणून, त्यावर शेण-माती लिंपून पाड्यावरच्या भिंती होतात. येऊरला जाल तेव्हा वाटेच्या कडेला खरबरीत पानांची, समोरासमोर जोडीने पानं असलेली दाट रोपं बघा. तीच ती, २०२४ च्या बियांची. कोणत्या वर्षी किती उंच झाली ते मुलांकडून वहीत लिहून घ्या.